नोंद : साफसफाई केली

दुरुस्ती विभागातली माणसं खोटारडी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चौघांपैकी कुणी कंपनीचा साधा स्क्रू घरी नेला नाही, की आजारपणाची खोटी रजा टाकली नाही. पण या चौघांनी मिळून नऊ वर्षं एकच खोटं लिहिलं. तेही इतक्या इमानाने आणि इतकं न चुकता लिहिलं, की शेवटी कंपनीतल्या सगळ्यात हुशार यंत्राला ते खरं वाटलं. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं.

कंपनीचं नाव बोलतरंग. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पुढे काचेची इमारत आणि मागे पत्र्याची शेड. काचेच्या इमारतीत नवी यंत्रं तयार व्हायची आणि शेडमध्ये जुनी दुरुस्त व्हायची. शेडची प्रमुख हेमलता बोरस्ते, वय पंचावन्न, चष्मा कायम कपाळावर आणि शोधायची मात्र टेबलावर. तिच्या हाताखाली इब्राहिमभाई शेख आणि आणखी दोघं. इब्राहिमभाईंचा हात असा की केसाएवढ्या तारेला सोल्डरचा डाग द्यायचा तर कंपनीचा यंत्रमानव त्यांच्यापुढे शिकाऊ वाटावा.

दुरुस्तीला यायची ती वाणी-दोन. साबणाच्या वडीएवढी डबी, गळ्यात अडकवायची. मेंदूच्या देठात रक्तस्राव होऊन ज्यांचं सगळं शरीर थिजलं, जीभसुद्धा हलेना, पण आत माणूस लख्ख जागा आहे, अशांसाठी ती होती. असा माणूस मनात "पाणी" म्हणाला, की मेंदूचा एक भाग जीभ, ओठ आणि घसा यांना हुकूम सोडतोच. हुकूम सुटतो, पोचत नाही, एवढंच. त्या भागावर शहाण्णव बारीक तारा बसवायच्या, हुकूम तिथेच ऐकायचा आणि डबीने तो आवाजात म्हणायचा. कल्पना अशी सोपी होती.

अडचण ही की प्रत्येकाचा मेंदू "पाणी" वेगळ्या तऱ्हेने म्हणतो. डबीला त्या एका माणसाचं बोलणं शिकावं लागतं, त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. नव्या यंत्रांत असं शिकलेलं आकड्यांच्या रूपात साठवतात, त्याची नक्कल काढता येते. वाणी-दोनमध्ये तसं नव्हतं. तिच्या गाभ्यात एका विशिष्ट पदार्थाचे लाखो कण होते. वीज ज्या कणांतून पुन्हा पुन्हा गेली, तिथून पुढच्या वेळी ती जास्त सहज जाई. माळावर माणसं चालून चालून पायवाट पडते ना, तसं. त्या पायवाटा म्हणजेच त्या माणसाचं बोलणं. तिला नेट नको, मोठा संगणक नको, एका चार्जिंगवर दिवस निघायचा. पण पायवाट उचलून दुसऱ्या माळावर नेता येत नाही. गाभा गेला की माणसाचा आवाज गेला.

गाभा तसा चिवट, तीस-चाळीस वर्षं टिकणारा. थकायची ती त्याच्या शेजारची चिप. गाभ्यातली बारीक वीज वाचून स्पीकरकडे पाठवणं हे तिचं काम, म्हणून शेडमध्ये तिला वाचक म्हणत. बोलण्यागणिक ती तापायची आणि झिजायची. आठ-नऊ वर्षांनी ती बदलली की माणूस पुन्हा बोलता व्हायचा.

हेमलताच्या घरची चिप मात्र तीन वर्षांतच जायची, कारण तिचा नवरा दिगंबर गप्प बसायचा नाही.

दिगंबर बोरस्ते पिंपळगावच्या बाजारसमितीत कांद्याचे लिलाव पुकारायचा. एका दमात चाळीस ट्रॅक्टर पुकारणारा गडी सत्तेचाळिसाव्या वर्षी सकाळी दाढी करताना खाली बसला, तो उठलाच नाही. वर्षभर नुसत्या पापण्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. मग डबी बसली, शिकली, आणि एके दिवशी सगळे पाहुणे भोवती जमलेले असताना तिच्यातून पहिलं पूर्ण वाक्य आलं. "वर्षभर तुम्ही माझ्या उशाशी कुजबुजत होता ना, मला सगळं ऐकू येत होतं." मेव्हणा त्यानंतर चार महिने घरी फिरकला नाही. हेमलता मात्र स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली, आणि आनंदाने रडली. तेव्हापासून बारा वर्षं दिगंबर बोलत होता. वरणात मीठ कमी म्हणून बोलायचा. खाणारा तो नव्हता, त्याला नळीतूनच जेवण जायचं, पण वास त्याला कळायचा. ती भाजी निवडायला बसली की तो तिला मोसमाचा अंदाज सांगायचा. भांडायचाही. सकाळी ती कामावर निघाली की म्हणायचा, "जा हेमा, मुक्यांना बोलतं कर, इथे एक बोलका आहे त्याला कुणी विचारू नका."

आता ते खोटं.

नऊ वर्षांपूर्वी अशा उपकरणांना परवाना देणाऱ्या समितीने नियम केला. ज्या डबीचा वाचक दोनदा बदलला, ती बाद. रुग्णाला नव्या यंत्रावर न्यावं. कागदावर नियम शहाणा होता. पण वाणी-दोनच्या माणसांच्या डोक्यातल्या तारा जुन्या, भोवती व्रण धरलेल्या. नवी यंत्रं त्यांच्यावर चालत नव्हती आणि तारा काढायच्या तर जिवावरचं काम. म्हणजे बाद म्हणजे मुका. दिगंबरचा वाचक तेव्हा एकदा बदलून झाला होता.

त्या दिवशी शेडमध्ये चौघं बसले आणि कुणी ठराव वगैरे न करता एक रीत पडली. माणूस वारला की घरचे त्याची डबी परत पाठवायचे. काही हळदकुंकू वाहून पाठवायचे, कुणी सोबत नारळ ठेवायचं. इब्राहिमभाई ती डबी उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे, मग तिच्यातला वाचक काढून जिवंत माणसाच्या डबीत बसवायचे. आणि हेमलता नोंदीत लिहायची, "साफसफाई केली." चिप बदलली असं कधीच लिहायचं नाही. तीनशेवर माणसं या तीन इंची वाक्यावर बोलत होती. हेमलताला त्याचा अभिमान होता, अगदी मनापासून.

त्या चैत्रात कंपनीचे मालक कौस्तुभ रिसबूड यांनी तिला पुढच्या इमारतीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी स्वतः डब्या बसवायला गावोगाव फिरलेला. पण गेल्या दोन वर्षांत त्याची कंबर मोडली होती. मोठ्या देशांचं आयातशुल्काचं भांडण पेटलं आणि बोलतरंगचा माल बाहेर दीडपट महाग झाला, तशी परदेशी गिऱ्हाइकं गेली. इकडे वाचक चिप एका देशात कापली जायची, दुसऱ्यात तिला कवच चढायचं, मग इथे यायची. प्रत्येक सरहद्दीवर शुल्क. नाकापेक्षा मोती जड झाला होता. घाबरून रिसबूडने सगळी खरेदी एका कृत्रिम बुद्धीच्या हाती सोपवली होती. कंपनीत तिला मुनीमजी म्हणत. मुनीमजी कंपनीची एकूणएक नोंद वाचायचे आणि काय घ्यायचं, काय टाकायचं ते ठरवायचे. माणसांच्या चुका आता परवडत नाहीत, असं रिसबूडचं म्हणणं.

त्याने सांगितलं ते असं. वाचक चिप बनवणारा जगातला एकुलता एक कारखाना ती जुनी लाइन बंद करतोय. शेवटची मागणी अकरा दिवसांत नोंदवायची, त्यानंतर ती चिप पृथ्वीवर कुठेही बनणार नाही.

"किती मागवताय?" हेमलताने विचारलं.

"छत्तीस. आणि मुनीमजींच्या मते छत्तीसही जास्तच आहेत." रिसबूडने पडदा तिच्याकडे वळवला. "तुमचं कौतुक करायला बोलावलंय, हेमाताई. तीनशे बारा जुन्या डब्या चालू आहेत, आणि नऊ वर्षांत वाचक एकही बदललेला नाही. बाकी सगळं नुसत्या साफसफाईवर. इतका टिकाऊ माल आपण बनवला होता, हे मलाच माहीत नव्हतं."

पडद्यावर तिचं वाक्य होतं. साफसफाई केली, साफसफाई केली, साफसफाई केली. पानांमागून पानं. हेमलता मनात मोजायला लागली. मेलेल्यांच्या डब्या संपत आल्या होत्या, कपाटात चौदा उरल्या होत्या. जिवंत डब्यांत बसलेले बहुतेक वाचक उसने, अर्धं आयुष्य आधीच जगलेले, आणि ते आता एका सुमारास थकणार होते. तीनशे तरी लागणार होते. छत्तीस मागवले जात होते. आणि छत्तीसचा तो आकडा मुनीमजींनी काढला असला तरी त्याची आई ती होती.

तोंड उघडायचं एवढंच काम होतं. पण खरं सांगितलं तर नियम होताच. दोन किंवा जास्त वेळा बदललेल्या शेकडो डब्या एका दिवसात बाद. मुनीमजी नोंद वाचणार, समितीला कळवणार, आणि बोलायला नेट लागत नसलं तरी परवान्यासाठी प्रत्येक डबीत बसवलेल्या तुकड्यावरून समिती ती दुरूनच बंद करू शकत होती. दिगंबरचा वाचक चारदा बदललेला, म्हणजे तो पहिल्या रांगेत. उलट असंही होतं की खरं कळल्यावर रिसबूड समितीच्या पाया पडेल, नियम वाकवून घेईल आणि तीनशे चिपा मागवेल. होईल की नाही, कोण सांगणार? इकडे आड, तिकडे विहीर.

"बरं," हेमलता म्हणाली आणि शेडमध्ये परत आली.

इब्राहिमभाईंना तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सोल्डर गन पुसून खाली ठेवली. मग म्हणाले की ताई, सांगायचं तर आज सांगा, नाही सांगायचं तर कधीच सांगू नका; मधलं काही नको. हेमलता म्हणाली, बघते. पहिल्या दिवशी बघते म्हणाली, चौथ्या दिवशी म्हणाली, सातव्या दिवशीही. घरी दिगंबर विचारायचा, काय झालंय, आज भाजी जाळलीस, काल चष्मा फ्रिजमध्ये ठेवलास. कामाचा ताण, ती म्हणायची. त्याला विचारावं असं तिच्या मनात दहादा आलं. विचारलं नाही. तो काय म्हणेल ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. अकरावा दिवस गुरुवार होता. तो आला आणि इतर दिवसांसारखाच गेला. संध्याकाळी मुनीमजींचा संदेश सगळ्यांच्या फोनवर आला की छत्तीस नगांची अंतिम मागणी पूर्ण झाली.

तिने स्वतःची समजूत घातली की गप्प राहून तिने सगळ्यांना थोडे महिने तरी मिळवून दिले. अर्धी समजूत पटली.

आषाढापर्यंत उसने वाचक गळायला लागले. आधी बीडची एक बाई, मग साताऱ्याचे एक वकील, मग आठवड्याला चार-पाच. लक्षणं एकच. शब्दांची शेवटची अक्षरं जायची, मग मधली. कंपनीच्या मदत क्रमांकावर आता माणूस नव्हता, मुनीमजींचाच गोड आवाज होता, आणि त्याने सगळी विद्या शेडच्या नोंदींतून घेतलेली. लोक रडत सांगायचे की आमच्या अण्णांचं बोलणं तुटतंय. आवाज म्हणायचा, काळजी करू नका, मऊ फडक्याने साफसफाई करा. या उपकरणाच्या बाबतीत साफसफाईने नऊ वर्षांत हमखास गुण आलेला आहे. लोक बिचारे डब्या पुसत बसायचे.

छत्तीस नव्या चिपा आल्या त्या मुनीमजींच्या कुलपात. एकेक सुटायची ती फक्त ज्या डबीची प्रकृती नोंदीत वाईट दिसेल तिच्यासाठी. नोंदीत कुणाचीच वाईट दिसत नव्हती. हेमलताने स्वतःच्या घरच्या डबीसाठी अर्ज केला, उत्तर दोन सेकंदांत आलं. "हे उपकरण देशात सर्वांत निरोगी उपकरणांपैकी आहे. देखभाल अतिशय नियमित. साफसफाई सुचवतो." ती देखभाल तिचीच होती आणि नोंदही. खरं लिहून चिप मागितली असती, तर चिप मिळायच्या आधी डबी बाद झाली असती. खुर्चीत बसल्या बसल्या तिला हसू आलं, मग ते हसू थांबेना, आणि इब्राहिमभाईंनी उठून शेडचं दार लोटून घेतलं.

तोवर दिगंबरचं बोलणंही अडखळायला लागलं होतं. "हेमा" म्हणायचं तर "हे" यायचं आणि पुढचं हवेत जायचं.

रिसबूडने एक उपाय काढला होता. वाणी-पाच. जुन्या तारांतून जे थोडंफार ऐकू येतं ते घ्यायचं, आणि उरलेलं कृत्रिम बुद्धीने अंदाजाने भरायचं. श्रावणात एका सोमवारी दोन जण ती घेऊन घरी आले. दिगंबरच्या गळ्यात नवी चकचकीत पट्टी बांधली. आवाज त्याचाच, जुन्या लिलावाच्या ध्वनिफितींवरून बनवलेला. भरदार, खणखणीत. हेमलता नकळत खुर्ची ओढून जवळ सरकली.

"नमस्कार," पट्टी म्हणाली. "आज मला फार प्रसन्न वाटतंय. आपण सर्व माझ्यासाठी घेत असलेल्या परिश्रमांबद्दल मी ऋणी आहे."

आलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. हेमलताने दिगंबरच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो पापण्या मिटत होता. दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा. दिगंबरने जन्मात कधी कुणाला "मी ऋणी आहे" म्हटलं नव्हतं, आणि अशा वेळी त्याच्या तोंडून जे निघालं असतं ते पाहुण्यांसमोर बोलण्याजोगं नव्हतं.

"यांना काय म्हणायचंय ते हे नाही," ती म्हणाली.

"माझी पत्नी माझी फार काळजी घेते," पट्टी प्रेमळपणे म्हणाली.

त्यातला एक जण समजावून सांगायला लागला की जुन्या तारांतून शेकडा दहा-बारा इतकंच कळतं, बाकी संभाव्यतेने, म्हणजे अशा परिस्थितीत साठीचा मराठी माणूस साधारण काय म्हणेल त्यावरून. कुटुंबीयांना याने खूप समाधान मिळतं, असं पाहणीत आढळलं आहे. दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पट्टी पावसाळ्याच्या शुभेच्छा देत होती. हेमलताने ती स्वतःच्या हाताने सोडली आणि त्या दोघांना चहा न देता वाटेला लावलं.

कपाटातल्या चौदांपैकी तेरा वाचक वेगवेगळ्या गावी गेले. चौदावा इब्राहिमभाईंनी कुणाला न विचारता कागदात गुंडाळून हेमलताच्या जेवणाच्या डब्यात ठेवला. तो तिने दिगंबरला बसवला. दुसऱ्या कुणाचा हक्क होता का, हा विचार तिने मनाला शिवू दिला नाही. वाचक म्हातारा होता, सहा आठवडे चालला. गणपती बसले तेव्हा दिगंबर आरतीतल्या चुका काढत होता, नवरात्रात पुन्हा अक्षरं गळायला लागली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी ती त्याची खुर्ची गॅलरीत उन्हाला घेऊन बसली होती. तो म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाला थांबत, दोनदा म्हणत म्हणाला, "चैत्रापासून तू माझ्याकडे नीट बघत नाहीस. काय ते सांग. मला विचारता येतंय तोवर सांग."

हेमलताने सांगितलं. साफसफाईची रीत त्याला माहीत होती, छत्तीसचं माहीत नव्हतं. रिसबूडचं कौतुक, पडद्यावरचं तिचं वाक्य, अकरा दिवस, गुरुवार, सगळं. सांगताना तिने त्याच्याकडे नाही, समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

डबीतून खरखर आली. मग तो म्हणाला, "अकरा दिवस?"

"हो."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही सांग म्हणाला असता."

"असता नाही. म्हणालोच असतो." पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला. "तोंड माझं होतं, हेमा."

"अहो, तुमची डबी पहिल्या दिवशी बंद केली असती त्यांनी. मला तुमचा आवाज हवा होता."

"तुला आवाज हवा होता. मला विचारणं तेवढं नको होतं." खरखर. "बंद कर."

तिला आधी कळलं नाही. अजून आठ-दहा दिवसांचं बोलणं तिच्यात असेल, ती म्हणाली, जपून वापरू.

"बंद कर."

डबीचं बटण तिच्या उजव्या कडेला होतं, त्याच्या छातीवर, आणि ते त्याला दाबता येणार नव्हतं. नऊ वर्षं ज्यासाठी तिने खोटं लिहिलं, मेलेल्यांच्या डब्या उघडल्या, तीनशे घरांशी गप्प राहिली, ते तिला आपल्याच बोटाने बंद करावं लागलं. हिरवा दिवा विझला. दिगंबरने मान वळवता येत नव्हती म्हणून डोळे तेवढे टाकीकडे वळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटणावर बोट ठेवून विचारलं, लावू का? पापण्या दोनदा मिटल्या. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी ती रिसबूडकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता. ओरडला नाही. कारखान्याची ती लाइन भंगारात गेली, तो म्हणाला, आता तीनशे सोडाच, तीनही मिळणार नाहीत. कुलपातल्या छत्तीसही नोंदीशिवाय सुटणार नाहीत, ते कुलूप माझ्याही हाती नाही. आणि हे बोललात ते बोललात, लिहू नका. कारण मुनीमजींनी वाचलं तर ज्यांचं थोडंफार चालू आहे त्यांचंही उद्या सकाळी बंद होईल. ती शेडमध्ये परत आली. टेबलावर जालन्याहून आलेली डबी होती. तिच्यात घालायला काही नव्हतं. तिने ती उघडली, खरोखरच ब्रशने साफ केली, मिटली, आणि नोंदीत लिहिलं. पहिल्यांदाच ते खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

घरी ती रोज सकाळी विचारत राहिली. स्पंज करताना, नळीतून खीर सोडताना ती बोलत राहायची. आज पाणी आलं नाही, मेव्हण्याचा फोन होता. खोली इतकी गप्प होती की शेजारच्यांनी विचारलं, दिगंबररावांना बरं नाही का. रागावलेत, ती म्हणाली, आणि शेजारीण हसली, कारण नवराबायकोत रागवारागवी व्हायचीच. हेमलतालाही एकेकदा तसंच वाटायचं. रागच आहे, उतरेल. त्याचे राग चार दिवसांच्या वर कधी टिकले नव्हते. पण दहा झाले, पंधरा झाले.

एकोणिसाव्या दिवशी ती बोट ठेवून विचारायच्या आधीच तिला जाणवलं की तो तिच्याकडे बघतोय. टाकीकडे नाही, तिच्याकडे.

"लावू?"

पापण्या एकदा मिटल्या.

हेमलताने बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, चार्जर बदलला, बॅटरी काढून पुसून बसवली, डबी उघडली आणि गॅलरीच्या उजेडात धरली. वाचकाच्या कडेला काळा डाग पडला होता. नुसतं पडून राहूनसुद्धा म्हातारे वाचक मरतात, हे तिला पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालेलं होतं. या एकोणिसांपैकी कुठल्या दिवशी तो मेला, हे सांगायला मात्र काही साधन नव्हतं. कदाचित दुसऱ्याच दिवशी असेल. कदाचित काल.

तिने मान वर केली. दिगंबर वाट बघत होता. आपलं वाक्य बाहेर का येत नाही, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता, म्हणजे त्याचं ते म्हणून झालं होतं.

"नाही आलं हो," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं."

मग ती त्याच्यासमोर पाटावर बसली आणि त्या पहिल्या वर्षी करायची तसं एकेक अक्षर म्हणायला लागली. हवं ते आलं की पापणी मिटा, ती म्हणाली, मी जोडत जाते, कितीही वेळ लागू दे. अ. आ. इ. ई. तो ऐकत होता. एका दमात चाळीस ट्रॅक्टर पुकारणारा माणूस. कुठलं तरी लांबलचक वाक्य त्याने एकोणीस दिवस मनात जुळवून ठेवलं असणार, शिवी असेल, माफी असेल, दोन्ही असतील. क. ख. ग. ती "घ" म्हणाली तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि हे ते एकदाचं मिटणं असेल म्हणून ती "घ" वरच थांबली. पापण्या उघडल्या नाहीत. तो झोपला नव्हता, श्वास जागेपणीचा होता. हेमलताने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढचं अक्षर म्हटलं.